भोयर विवराची थाप

१

बद्रीनाथ भोयर व्यासपीठावरून उतरताना दुसऱ्या पायरीवर कोसळले, तेव्हा त्यांच्या काखेत मी दिलेला लाल भोपळा होता. भोपळा घरंगळत पहिल्या रांगेपर्यंत आला, पण फुटला नाही. "भोपळा शाबूत, भोयर फुटले," असं मागून कुणीतरी म्हणालं आणि त्यावरही हशा झाला. मेंदूत गुठळी झाल्याचं आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

आमचं 'नभांगण मित्रमंडळ' दर वर्षी एक एप्रिलला 'थापांची संध्याकाळ' भरवतं. अंतराळातला एखादा खोटा शोध गंभीर चेहऱ्यानं मांडायचा आणि सर्वोत्तम थापेला भोपळा मिळवायचा, एवढाच कार्यक्रम. भोपळा मंडईतून मीच निवडून आणते आणि थापही मीच निवडते. मी द्वारका पटवर्धन, निवृत्त भूगोल शिक्षिका आणि मंडळाची चिटणीस. मागे एका वर्षी गुरूच्या एका चंद्रावर पाणी सापडलं होतं, पण ते दिवसाआड येत होतं. त्याच्या पुढच्या वर्षी मंगळावर पाटी सापडली, 'येथे यान लावू नये. लावल्यास हवा सोडली जाईल.' मंगळावर हवा आहे याचा हा पहिला पुरावा, असं सांगून प्रज्ञेश मोघे भोपळा घेऊन गेला.

भोयरांना थाप कधीच कळायची नाही. विदर्भातून पुण्याच्या कारखान्यात फिटर म्हणून आलेला हा माणूस, धायरीत दोन खोल्यांत राहून चौदा महिने हातानं काच घासून दुर्बिणीचा आरसा करतो, आणि आमच्या सभेत पहिल्या रांगेत बसून 'पाणी दिवसाआड' हे वहीत टिपून घेतो! त्यावर आम्ही वर्षभर हसलो.

यंदा मार्चमध्ये भोयरांना एका आंतरराष्ट्रीय नामकरण समितीचं ईमेलनं पत्र आलं. त्यांच्या वहीतल्या चौदा जानेवारीच्या चित्रावरून चंद्रावरच्या एका लहान विवराला 'भोयर' हे नाव दिलं आहे, असं त्यात म्हटलं होतं. सोबत यानानं काढलेला चंद्राचा फोटो आणि त्यावर बाण. अशी समिती अस्तित्वातच नाही, हे आमचे अध्यक्ष श्रीनिवास दांडेकर यांनी दहा मिनिटांत शोधून काढलं. त्यांनी ते भोयरांना सांगितलं नाही. आम्हाला सांगितलं.

"एक तारखेला सत्कारच करू या," ते म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

भोयर नवा कोट घालून आले. बायको तिसऱ्या रांगेत बसली. फोटो पडद्यावर दाखवून दांडेकरांनी माइक पुढे केला. "हे मूळ चित्र आपणच काढलंत?"

"हो जी. एकट्यानं. आमची मंडळी फक्त टॉर्च धरते."

मग मी भोपळा दिला. भोयरांना वाटलं, नारळाऐवजी भोपळा ही पुण्याची पद्धत असेल. त्यांनी तो कपाळाला लावला. दांडेकर म्हणाले, "यंदाची सर्वोत्तम थाप, भोयर विवर!" आणि सभागृह हसून कोसळलं. मीही हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

शेवटच्या रांगेतून प्रज्ञेश मात्र ओरडत होता, "अहो, तो फोटो उलटा आहे!" मी त्याला हातानंच गप्प बसवलं.

त्या दिवशी एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. ही थाप माझी, असं म्हणायला कुणीच पुढे आलं नव्हतं.

२

नऊ तारखेला प्रज्ञेश माझ्या दारात उभा राहिला. खराडीच्या एका कंपनीत तो नोकरीला आहे. दाढी वाढलेली, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच.

"बाई, भोयरांच्या मुलानं, संतोषनं, सायबरला कम्प्लेंट दिलीय. माझ्या नावानं. एचआरनं बोलावलं होतं. शुक्रवारपर्यंत क्लिअर कर, नाहीतर रिझाइन कर म्हणाले."

"मग कर क्लिअर."

"कसं करू? तीनदा भोपळा जिंकलोय मी. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? दांडेकर सर तर सगळ्यांना सांगतायत की प्रज्ञेशशिवाय हे डोकं कुणाचं असणार!"

"आणि मी ठेवावा?"

"बाई, तुम्ही मला आठवीत कॉपी करताना पकडलं होतं. मी लगेच कबूल केलं होतं. कारण केली होती. ही नाही केली."

हे खरं होतं. एकतीस वर्षं मी कॉपी पकडली. पकडलेली मुलं देवाची, आईची, आजारी आजीची शपथ घेत. हा एकटा म्हणाला होता, 'हो बाई, चिठ्ठी डाव्या मोज्यात आहे.'

कॉपी पकडण्याची माझी पद्धत साधी. बरोबर उत्तरं कुणाचीही सारखी येतात, ती वाचून काही कळत नाही. मी चुका वाचते. चूक कुणी केली असेल हे ती चूकच सांगते.

"तू तेव्हा ओरडलास, फोटो उलटा आहे. म्हणजे काय?"

"उलटा म्हणजे उलटा, बाई! तुम्हाला कुणालाच दिसलं नाही?"

मी कपाटातून शाळेचा जुना नकाशासंग्रह काढला. चंद्राच्या नकाशात किरणं फुटलेलं ते मोठं पांढरं विवर तळाशी होतं, दक्षिणेला. पत्रातल्या फोटोत ते माथ्यावर होतं. यानाचा फोटो उत्तर वर ठेवून छापतात, हे मी पोरांना घोकून घेतलेलं. आणि भूगोलाच्या बाईला तो फोटो भल्यामोठ्या पडद्यावर सरळ दिसला होता.

का दिसला, ते कळायला मला चहाचा अर्धा कप लागला. आरशाच्या दुर्बिणीतून चंद्र उलटा दिसतो. मंडळात आम्ही सगळे वर्षानुवर्षं तसाच पाहतो. आम्हाला तो उलटा असल्याचं आठवतसुद्धा नाही.

"तू दुर्बिणीला डोळा लावतोस कधी?"

"मान दुखते, बाई. मी स्क्रीनवर बघतो."

म्हणून चूक त्याला एकट्याला दिसली. आणि म्हणूनच ती त्याची नव्हती. फोटो जुळवणाऱ्याला चंद्र आरशातूनच माहीत होता.

तसा माणूस मला पहिला कोण आठवला असेल? ज्यानं सत्कार ठरवला, तो.

३

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी दांडेकरांकडे गेले. ते भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. घरात शिरताच त्यांच्या तीन दुर्बिणी दिसतात, त्यानंतर बऱ्याच वेळानं त्यांची बायको दिसते.

"पत्र आपण लिहिलंत का?" मी उभ्याउभ्याच विचारलं.

"द्वारकाबाई, मी लिहिलं असतं तर निदान समिती तरी खरी घातली असती. इतकी गचाळ थाप माझ्या नावावर खपवू नका."

"पण खोटं आहे हे कळल्यावर सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही का नाही सांगितलंत? भोपळा तर तुम्हीच आणलात. चांगला चार किलोचा होता."

त्यांनी पत्राची छापील प्रत माझ्याकडे सरकवली. इंग्रजी पत्राची सुरुवात होती, 'आपल्या तत्पर उत्तराबद्दल आभार.'

"कसलं उत्तर?"

"म्हणजे आधी एक पत्र आलं असणार. ते त्यांनी मला दाखवलं नाही. विचारलं तर म्हणाले, त्यात विशेष काही नाही जी."

हे बोलताना त्यांनी भोयरांची नक्कल केली. चांगली करतात. इतकी वर्षं आम्ही त्या नकलेला हसत आलोय.

तिथून मी धायरीला गेले. भोयर राहतात ती इमारत बजरंगशेठ रायकरांची. गाव शहरात आलं तशी त्यांच्या शेतात इमारत उगवली. त्यांना गच्चीवर मोबाइलचा टॉवर हवा होता आणि भोयर दुर्बीण हलवू देत नव्हते. 'चंद्रावर धायरीचं नाव' असा भोयरांच्या फोटोचा फ्लेक्सही रायकरांनीच चौकात लावला होता. तो अजून तसाच होता.

"काढा की तो आता," मी म्हटलं.

"काढतो ओ. पोरं वर चढंनात." त्यांनी मला खुर्ची दिली. "बाई, तुमी मलाच धरायला आलाय जनू. आवो, टावर बसवायचा हाय म्हनून मी इंग्रजीत पत्र लिवीन व्हय? गच्चीला कुलूप नसतं लावलं?"

मुद्दा बिनतोड होता. "मग लावलं का नाहीत?"

"वहिनींकडं बघून. लई गुनी बाई. प्रेसमधी लग्नपत्रिका जुळवतात. माझ्या पोरीच्या लग्नाची पत्रिका त्येंनीच कंप्युटरवर केली. आन् रोज सांजच्याला दोघं गच्चीवर. वहिनी स्टुलावर बसल्याली, भोयर शेजारी उभा. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे. कुनाला कशाचा नाद, कुनाला कशाचा."

मी जिना चढू लागले. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांचं वाक्य माझ्या डोक्यात घोळत होतं. तिसऱ्यावर मी थांबले. दुर्बिणीजवळ एकच स्टूल असतं. पाहणारा त्यावर बसतो.

४

दार संतोषनं उघडलं. वडिलांच्या आजारपणात त्याचं वजन घटलेलं दिसत होतं, राग मात्र तसाच होता.

"त्या मोघेची बाजू घेऊन आला असाल तर परत जा. बाबांचा उजवा हात गेला. वाचा गेली. तुम्ही सगळे हसत होता, मी मोबाइलवर पाहिलंय."

"मीही हसत होते," मी म्हटलं. "म्हणूनच आले."

आतून भोयरवहिनी आल्या. वीस वर्षं त्या आमच्या सभांना येत होत्या. तिसऱ्या रांगेत बसायच्या, चहाचे कप गोळा करायला मदत करायच्या. त्यांचा आवाज मी नीट ऐकला होता असं मला आठवेना.

"या जी बाई. बसा."

आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं. पलंगावर भोयर उशीला टेकून होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे मात्र जागे. त्यांनी मला ओळखलं आणि नजर भिंतीकडे वळवली.

"घरी कधी आणलं?"

"परवा, आठ तारखेला," संतोष म्हणाला. "आठवडाभर मी दवाखान्यात होतो, दिवसरात्र. आई मधूनमधून घरी यायची."

वहिनींनी चहा आणला. कप उजव्या हातानं दिला आणि देताना थोडा बशीत सांडला. मग समोर बसून त्या गवार मोडायला लागल्या, तेव्हा मात्र त्यांचा डावा हात भराभर चालला. डाव्या हातानं वाढायचं नाही, प्रसाद घ्यायचा नाही, हे आपल्याकडे डावखुऱ्या मुलींना लहानपणी चापट मारून शिकवतात. बाकीच्या कामांचं कुणी विचारत नाही. त्या हाताची करंगळीखालची कड राखाडी झाली होती. भांडी घासली असतील, असं मला वाटलं.

"पहिलं पत्र कुणाकडे आहे?" मी विचारलं.

संतोष गोंधळला. वहिनी गोंधळल्या नाहीत. "यांच्या फोनात असंल. दाखव बाईंना."

त्यानं फोन शोधून दिला. पहिलं पत्र चार ओळींचं होतं. विवराला नाव द्यायचं आहे. समितीच्या नियमानुसार, चित्र ज्या व्यक्तीच्या हातानं काढलं गेलं, त्या एकाच व्यक्तीचं नाव देता येतं. कृपया त्या व्यक्तीचं पूर्ण नाव कळवावं.

भोयरांनी अकराव्या मिनिटाला उत्तर दिलं होतं. 'चित्र मी एकट्यानं काढलं आहे. बद्रीनाथ भोयर.'

मी ते पत्र तीनदा वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला.

५

भोयरांची फजितीच करायची असती तर थाप मारणाऱ्यानं सरळ लिहिलं असतं, आपलं चित्र आम्हाला फार आवडलं. चित्र कुणाच्या हातचं, हे विचारायचं त्याला काय कारण? भोयर दुर्बीणवाले, वही भोयरांची, चित्र भोयरांचं, हे अख्खं मंडळ धरूनच चाललं होतं. प्रज्ञेशच्या किंवा दांडेकरांच्या डोक्यात हा प्रश्न आलाच नसता.

मी एकतीस वर्षं प्रश्नपत्रिका काढल्या. प्रश्न काढणाऱ्याकडे उत्तर आधीपासून असतं. तो फक्त समोरचा काय लिहितो ते पाहतो.

"संतोष, मला गोळी घ्यायची आहे. खालून पाण्याची बाटली आणशील का?"

घरात पाणी होतं. संतोषला ते कळलं नाही, वहिनींना कळलं. तो गेल्यावर त्या उठल्या, कपाटातून जाड वही काढली आणि माझ्यासमोर ठेवून पुन्हा गवार मोडायला बसल्या.

चंद्राची चित्रं मी पुष्कळ पाहिली आहेत. अशी नाही. विवरांच्या कडांवरचं ऊन आणि आतली सावली पेन्सिलीनं इतकी हळुवार उतरवली होती की मी ती वही मांडीवर नीट धरली. प्रत्येक चंद्र उलटा होता, दक्षिण वर. प्रत्येक चित्राशेजारी दोन ओळींची टिपणं होती, आणि त्या सगळ्या ओळी पुसट फरफटलेल्या होत्या. माझ्या वर्गातल्या डावखुऱ्या मुलांच्या वह्या अशाच असायच्या. लिहिता लिहिता त्यांचा हात त्यांच्याच अक्षरांवरून फिरतो आणि कड राखाडी होते.

चौदा जानेवारीचं चित्र सापडलं. तरीही मी पानं उलटत गेले, आणि शेवटच्या चित्राखालची तारीख पाहून माझा हात थांबला.

सात एप्रिल. त्या संध्याकाळी बद्रीनाथ भोयर दवाखान्यात होते आणि त्यांचा उजवा हात चादरीवर निर्जीव पडला होता.

६

"टॉर्च कोण धरायचं, वहिनी?" मी विचारलं.

"ते."

आतल्या पलंगावर काहीतरी करकरलं.

"दार लावू का?"

"नको जी. ऐकू येतं त्यांना सगळं. म्हणूनच उघडं ठेवलंय."

त्यांनी गवारीची परात बाजूला सरकवली. "आरसा त्यांनीच केला. त्यात खोट नाही. पण त्यांना रेघ ओढता येत नाही. पहिल्या वर्षी म्हणाले, तू काढून दे, आपल्या दोघांत काय तुझं-माझं. मी काढत गेले. मंडळात दाखवताना म्हणायचे, मी काढलं. मला वाटायचं, घरी आल्यावर तरी म्हणतील. दोनशे सोळा चित्रं झाली बाई. एकदाही नाही म्हटलं."

"म्हणून पत्र?"

"काहून नाही? प्रेसमध्ये रोज लोकांच्या नावाच्या पत्रिका जुळवते मी. इंग्रजी पत्राला नमुने पुष्कळ मिळतात. इंटरनेटवरचा फोटो सरळ होता, मलाच तो उलटा वाटला. मी फिरवून घेतला." त्या किंचित हसल्या. "तेवढंच चुकलं."

"आणि त्यांनी तुमचं नाव कळवलं असतं तर?"

"तर दुसरं पत्र गेलंच नसतं. सांगितलं असतं, मीच गंमत केली, आणि दोघं हसलो असतो. त्यांनी अकरा मिनिटं घेतली. मी स्वयंपाकघरात उभी होते. दाराशी येऊन एकदा माझ्याकडे पाहिलंही त्यांनी. मग जाऊन लिहिलं."

"सत्काराच्या दिवशी तुम्हाला माहीत होतं, मंडळ काय करणार ते?"

"दांडेकर सर तुम्हा सगळ्यांना सांगत होते तेव्हा मी तुमच्या मागंच कप विसळत होते. तुम्ही लोक माझ्यासमोर सगळं बोलता." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "तेव्हा थांबवता आलं असतं. मी म्हटलं, स्टेजवर विचारतीलच. शेवटची संधी. सरांनी विचारलं आणि हे म्हणाले, मंडळी फक्त टॉर्च धरते."

मला तो क्षण आठवला. त्या वाक्यावर पहिला हशा झाला होता. माझाच.

"ते असे पडतील असं वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "त्याचं मला वाईट वाटतं. पण रडू येत नाही. रोज भरवते, पुसते. आणि अर्धा तास गच्चीवर जाते. आता टॉर्च दातात धरते."

आतून एक लांब, ओला आवाज आला. शब्द नव्हता तो. वहिनी उठल्या, आत जाऊन त्यांनी नवऱ्याचे डोळे पदरानं पुसले, उशी सारखी केली आणि परत येऊन बसल्या. सगळं मायेनं केलं. ते पाहून मला त्यांची भीती वाटली.

"प्रज्ञेशची नोकरी जाईल उद्या," मी म्हटलं. "मला लिहून द्यावं लागेल. मंडळाच्या कागदावर, तुमच्या सहीनं."

"लिहा जी. त्या पोराचा काय दोष? संतोषला मी सांगीन. तक्रार त्याची आणि आईही त्याचीच, काय करायचं ते तो ठरवील."

मी पिशवीतून मंडळाचं पॅड काढलं आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं स्वच्छ अक्षरात सुरुवात केली. 'बद्रीनाथ भोयर यांना आलेली पत्रं प्रज्ञेश मोघे यांनी लिहिलेली नसून ती मी स्वतः लिहिली आहेत. मी, सौ.'

इथं माझं पेन अडलं. मंडळाची हजेरीवही वीस वर्षं मी लिहिते. दर महिन्याला, दर पानावर, माझ्याच हातानं, 'श्री. भोयर व सौ.' याच्या पुढं मी कधी काही लिहिलं नव्हतं. मला त्यांचं नाव माहीत नव्हतं.

वहिनी माझ्या पेनाच्या टोकाकडे पाहत होत्या. मला काय झालंय ते त्यांना कळलं होतं. पण त्या मदतीला आल्या नाहीत. मी विचारीपर्यंत त्या थांबून राहिल्या, नवऱ्यासाठी थांबल्या होत्या तशाच.

"आपलं नाव काय?" मी विचारलं.

"सौ. खोडा आधी."

मी खोडलं.

"कुसुम महादेव लांजेवार. हे माहेरचं आहे. चित्रकलेच्या परीक्षेच्या सर्टिफिकेटवर हेच होतं. पूर्ण लिहा जी, जागा आहे पुष्कळ."

मी पूर्ण लिहिलं. त्यांनी कागद स्वतःकडे ओढला आणि डाव्या हातानं सही केली. हात वरून फिरला तशी शाई थोडी फरफटली.

संतोष पाण्याची बाटली घेऊन दारात उभा होता. कधीपासून, ते मी विचारलं नाही.